शनिवारची बैठक आणि परराष्ट्र सेवा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी भारतीय परराष्ट्र सेवेत (आयएफएस) 34 वर्षं होते. निवृत्त होऊन नागपूरला परतले आणि 2022 पासून दर शनिवारी संध्याकाळी कॉलेजच्या मुलामुलींबरोबर बसते. नवा आलेला प्रत्येक जण तेच दहा-पंधरा प्रश्न विचारतो आणि तेवढ्या वेळात जुनी मंडळी चिवड्याचा डबा रिकामा करतात. म्हणून उत्तरं एकदाची लिहून काढली. प्रश्न बहुतेक मुलांच्याच शब्दांत ठेवले आहेत.

मॅडम, तिथं तुम्ही नेमकं काय करत होता?

लिहीत होते. हे ऐकून चेहरे पडतात, पण खरं तेच आहे. कोणाला तरी भेटायचं, बोलणं व्हायचं आणि त्याच रात्री दिल्लीला टिपण जायचं: ते काय म्हणाले, त्याचा अर्थ काय, आपण काय करावं. ते वाचणाऱ्याकडे दोन मिनिटं असतात. त्या दोन मिनिटांसाठी आपण दोन तास बसायचं.

1961 च्या व्हिएन्ना करारात दूतावासाची कामं सांगितली आहेत. देशाचं प्रतिनिधित्व करणं, आपल्या नागरिकांच्या हिताचं रक्षण करणं, वाटाघाटी, मैत्री वाढवणं, आणि तिथली परिस्थिती 'कायदेशीर मार्गांनी' जाणून घेऊन मायदेशी कळवणं. 'कायदेशीर मार्गांनी' हे शब्द ज्याला सुचले त्याला मी मनातल्या मनात नेहमी दाद देते.

दूतावासाला मराठीत वकिलात म्हणतात, तो शब्द मला फार आवडतो. आपल्या जुन्या कागदांतला वकील म्हणजे काळा कोट नव्हे, दुसऱ्याच्या दरबारी आपली बाजू मांडणारा आणि तिथली बातमी घरी पोचवणारा माणूस. नागपूरकर भोसल्यांचे वकील बेनीराम पंडित कलकत्त्याला वॉरन हेस्टिंग्जकडे हेच काम करत होते. म्हणजे या धंद्यात नागपूर माझ्या दोनशे वर्षं आधीपासून आहे.

रोज पार्ट्या असतात म्हणतात?

असतात. दिवसभर ऑफिसात उभं राहून झालं की संध्याकाळी परत तीन तास उभं राहायचं, हातातला ग्लास तसाच धरून. चपला चांगल्या घ्या.

सगळ्यात अवघड काम कोणतं?

वाटाघाटी नव्हेत. परदेशात वारलेल्या माणसाला घरी पाठवणं.

आखातातल्या एका देशात मी वाणिज्यदूत विभाग, म्हणजे तिथल्या आपल्या नागरिकांची कामं बघणारा विभाग, सांभाळत होते. मजूर पडून गेला, हृदय बंद पडलं, रस्त्यात अपघात झाला; आठवड्यातून एखादा तरी फोन यायचाच. मग तिथल्या सरकारचा मृत्यूचा दाखला, पोलिसांचा कागद, शव टिकवण्याची प्रक्रिया केल्याचं प्रमाणपत्र, पासपोर्ट रद्द करणं, आमची ना-हरकत, विमानात जागा. यातला एक कागद अडला की सगळं अडतं. मधल्या काळात गावाकडून रोज एक फोन: "बाई, कधी येईल?" बाई म्हणजे मी, आणि 'तो' येईल असंच ते म्हणत, 'प्रेत' असं कधीच नाही. पैशाची सोय नसलेल्यांसाठी 2009 पासून भारतीय समुदाय कल्याण निधी आहे. त्याआधी कुठून कुठून वर्गणी जमवायचो, ते आज आठवलं तरी अवघडायला होतं.

दुसरं काम तुरुंगाच्या भेटींचं. 1963 चा वेगळा करार आहे, वाणिज्यदूत संबंधांचा. त्याच्या कलम 36 नं परदेशात अटक झालेल्या माणसाला आपल्या वकिलातीशी संपर्क साधायचा हक्क मिळतो. हे कलम बहुतेकांना कुलभूषण जाधव प्रकरणामुळे माहीत झालं. 17 जुलै 2019 ला आंतरराष्ट्रीय न्यायालयानं पाकिस्तानानं ते मोडल्याचा निकाल दिला. भारताची बाजू मांडली हरीश साळवे यांनी, एक रुपया मानधनावर. साळवे नागपुरात वाढले, इथल्याच विद्यापीठात कायदा शिकले. हे सांगितलं की मुलं सरसावून बसतात. सावरून बसण्याजोगी गोष्ट मात्र त्या कलमातली आहे. भाषा कळत नाही, वकील नाही, घरी कोणाला पत्ता नाही, अशा माणसाच्या कोठडीत त्याच्या भाषेत बोलणारं कोणीतरी येतं, एवढाच तो हक्क.

परराष्ट्र सेवेची परीक्षा वेगळी असते का? एमपीएससीतून जाता येतं का?

एमपीएससीतून नाही. कलेक्टर आणि पोलीस अधीक्षक जिथून येतात तीच यूपीएससीची नागरी सेवा परीक्षा. पूर्वपरीक्षा, मग मुख्य परीक्षेचे गुणवत्तेत धरले जाणारे 1750 गुण आणि मुलाखतीचे 275, एकूण 2025. अर्ज भरताना सेवांचा पसंतीक्रम द्यावा लागतो. जागा थोड्या: 2023 च्या परीक्षेतून परराष्ट्र सेवेला 37 जण घेतले गेले, 2024 च्या परीक्षेसाठी 55 जागा होत्या. खुल्या गटाला वयाची मर्यादा 32 वर्षं आणि संधी सहा, इतर मागासवर्गाला 35 आणि नऊ, अनुसूचित जाती-जमातींना 37 आणि तोवर कितीही. पूर्वपरीक्षेच्या एका पेपरला जरी बसलात तरी एक संधी खर्च झाली, हे लक्षात ठेवा. 'नुसतं बघून येतो' म्हणणारे इथंच फसतात.

माझं इंग्रजी कच्चं आहे. मराठीतून जमेल का?

मुख्य परीक्षा मराठीतून लिहिता येते, मुलाखत मराठीतून देता येते, मराठी साहित्य हा वैकल्पिक विषयही घेता येतो. प्रश्नपत्रिका मात्र हिंदी आणि इंग्रजीतच येते आणि इंग्रजीचा 300 गुणांचा एक पेपर पात्र होण्यापुरता काढावाच लागतो. हे झालं नियमाचं.

आता माझं मत. मी नागपूरच्या महाल भागातल्या मराठी शाळेतली. मसुरीला प्रशिक्षणात पहिले दोन महिने माझं तोंडच उघडायचं नाही, कारण बाकीच्यांचं इंग्रजी कारंज्यासारखं उडायचं. पुढे कळलं की कारंज्याला थांबवता येत नाही, आणि आमच्या कामात थांबता येणं फार लागतं. ज्याचं मराठी नेटकं आहे, ज्याला एक वाक्य एका अर्थाचं लिहिता येतं, त्याचं इंग्रजी दोन वर्षांत सुधारतं. ज्याची दोन्हीकडे खिचडी आहे त्याचं मात्र कठीण. म्हणून शनिवारी आम्ही आधी मराठीत लिहितो. काही पालकांना हे पटत नाही. त्यांच्याशी मी वाद घालत नाही.

तयारीला पुणे-दिल्लीला जावंच लागतं का?

नाही. सीताबर्डीला जुन्या मॉरिस कॉलेजच्या आवारात शासनाचं भारतीय प्रशासकीय सेवापूर्व प्रशिक्षण केंद्र आहे, त्याची प्रवेश परीक्षा द्या. शहरात अभ्यासिका ढिगानं आहेत. अधिकारी कसा दिसतो हेच बघायचं असेल तर छिंदवाडा रोडवरच्या राष्ट्रीय प्रत्यक्ष कर अकादमीत देशभरातले आयकर अधिकारी शिकायला येतात. तुमच्यासारखेच असतात, फक्त झोप पुरी झालेली नसते. दिल्लीला गेल्यानं एक फायदा होतो, घरची कामं सांगायला कोणी नसतं. त्यासाठी बापानं शेत गहाण टाकावं का, ते तुम्ही ठरवा.

परकी भाषा आपण निवडायची की तेच देतात?

पसंती विचारतात, पण क्रमांक आणि गरज पाहून ठरतं. माझ्या वाट्याला अरबी आली आणि शिकायला कैरोला पाठवलं. भाषेची परीक्षा पास झाल्याशिवाय नोकरी पक्की होत नाही, त्यामुळे आवड आपोआप निर्माण होते. कोणी रशियन शिकतं, कोणी चिनी, जपानी, फ्रेंच, स्पॅनिश.

भाषांच्या बाबतीत मुलांना मी रामटेकचं उदाहरण देते. 1988-89 मध्ये रामटेकचे खासदार पी. व्ही. नरसिंह राव देशाचे परराष्ट्रमंत्री होते. आंध्रचे, तेलुगूभाषक, पण कायदा नागपुरात शिकलेले, मराठी उत्तम जाणणारे, आणि पार स्पॅनिशपर्यंत पोचलेले. पंतप्रधान म्हणून ते कमी बोलत अशी ख्याती होती. इतक्या भाषा येत असून गप्प राहणं, ही मला त्यांची सगळ्यात राजनैतिक गोष्ट वाटते.

मुलींसाठी ही नोकरी ठीक आहे का? (हे बहुधा आई विचारते.)

सी. बी. मुथम्मा 1949 मध्ये परराष्ट्र सेवेत आलेल्या पहिल्या महिला. त्या काळी नियमच होता की बाईनं लग्नाआधी सरकारची लेखी परवानगी घ्यायची आणि संसारामुळे कामात अडथळा येतो असं सरकारला वाटलं तर राजीनामा द्यायचा. बढती डावलली तेव्हा त्या सर्वोच्च न्यायालयात गेल्या. 1979 मध्ये न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी त्या नियमांवर जे लिहिलं ते मुलींनी मुळातून वाचावं. सरकारनं दरम्यान बढती दिली होती आणि नियम काढतो म्हणून सांगितलं होतं, तरी न्यायालयानं कान उपटले ते उपटलेच.

मी आले तेव्हा नियम गेले होते, नजरा शिल्लक होत्या. एका जेवणात यजमानांनी मला बायकांच्या टेबलावर बसवलं आणि माझ्या नवऱ्याशी, जो बँकेतली नोकरी सोडून माझ्याबरोबर आला होता, व्यापार करारावर बोलायला सुरुवात केली. तो शांतपणे म्हणाला, "मला फक्त आज भाजीत मीठ किती पडलं ते माहीत आहे." तेव्हा आई, मुलगी ठीक राहील. जावई बघून घ्या.

घरच्यांचं काय होतं?

तीन-तीन वर्षांनी बिऱ्हाड हलतं. मुलाच्या पाच शाळा झाल्या. तो आज सहा भाषांत जुजबी बोलतो आणि 'तुझं गाव कोणतं' या प्रश्नावर अडतो.

माझी आई गेली तेव्हा मी चार विमानं बदलून नागपूरला पोचले, तिसऱ्या दिवशी. शेजारच्या काकूंनी सगळं केलं होतं. इतरांच्या घरी माणसं वेळेत पोचवायचं काम करणारी मी. यावर मला अजून नीट उत्तर सापडलेलं नाही, आणि कोणी विचारलं तर मी तेच सांगते.

नागपूरचा परराष्ट्र धोरणाशी काय संबंध? आपण तर देशाच्या मधोमध.

सदरच्या रेसिडेन्सी रोडवरून रोज जाता ना? ती रेसिडेन्सी म्हणजे इंग्रजांची वकिलात. 1803 मध्ये अडगावची लढाई हरल्यावर दुसऱ्या रघुजींनी देवगावचा तह केला आणि नागपूर दरबारी इंग्रज रेसिडेंट आला. आधी एल्फिन्स्टन, मग जेन्किन्स. 1817 च्या नोव्हेंबरात याच जेन्किन्सच्या वेळी आप्पासाहेब भोसल्यांच्या फौजेशी सीताबर्डीच्या टेकडीवर लढाई झाली. दुसऱ्याच्या वकिलाला दरबारात किती आत येऊ द्यायचं, हा प्रश्न नागपूरनं अंगावर झेललेला आहे.

आजचं पाहिजे? संत्रं घ्या. काटोल, नरखेड, वरूडच्या संत्र्याचं मोठं गिऱ्हाईक बांगलादेश. त्यांनी 2019 नंतर आयात शुल्क चढवत नेलं आणि इथल्या बागेत भाव पडला. आमच्याकडे नरखेडचा एक मुलगा येतो, त्याचा बाप व्यापाऱ्याला शिव्या देत होता. मी त्याला विचारलं, शुल्क कोणी लावलं, काऊन लावलं, त्यांच्या तिजोरीला काय मिळतं, आणि ढाक्यातल्या आपल्या उच्चायोगातल्या व्यापार अधिकाऱ्यानं पहिला फोन कोणाला करायचा? (राष्ट्रकुलातल्या देशांत दूतावासाऐवजी उच्चायोग असतो, राजदूताऐवजी उच्चायुक्त.) तिथले आयातदारही या शुल्कानं त्रासलेले असणार, मग ते आपल्या बाजूचे नाहीत का? दुसऱ्या देशातला आपला मित्र कोण हे शोधणं, यालाच आर्थिक मुत्सद्देगिरी म्हणतात. तो मुलगा पुढचे तीन शनिवार दुसऱ्या कशावर बोललाच नाही.

आणि कामठीचं ड्रॅगन पॅलेस? जपानच्या नोरिको ओगावा यांच्या दानातून उभं राहिलेलं ते विहार 1999 पासून आहे. दीक्षाभूमीवर 14 ऑक्टोबर 1956 ला जे घडलं, त्याची ओढ थेट जपानपर्यंत पोचली. असे धागे सरकारी टिपणात उशिरा येतात, लोक ते आधीच विणून बसलेले असतात.

डिप्लोमॅटिक पासपोर्ट असला की पोलीस काहीच करू शकत नाहीत, खरं का?

नुसत्या पासपोर्टनं काही होत नाही. ज्या देशात राजनैतिक अधिकारी म्हणून नेमणूक असते तिथं अटक करू शकत नाहीत, हे खरं. पण त्याच व्हिएन्ना करारातलं कलम 41 सांगतं की ज्या देशात राहता तिथले कायदे पाळा. नाही पाळलेत तर तो देश कारण न देता परत पाठवू शकतो, आणि घरी आल्यावर आपला कायदा आहेच. लाल सिग्नल तोडायला एवढा अभ्यास करायची गरज नाही, ते व्हेरायटी चौकात फुकट जमतं.

तुमच्या हातून मोठी चूक झाली कधी?

झाली. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत एका अधिकाऱ्याला मी आपल्या एका प्रस्तावाबद्दल विचारलं. ते हसून म्हणाले, "इन्शाअल्ला." मी दिल्लीला लिहिलं, ते अनुकूल आहेत. त्यावर शिष्टमंडळाची तयारी सुरू झाली, तारखा ठरल्या, आणि तिकडून थंड नकार आला. माझ्या वरिष्ठांनी ते जुनं टिपण काढलं, 'अनुकूल' या शब्दाभोवती पेन्सिलीनं गोल केला आणि शेजारी लिहिलं: हे ते म्हणाले, की तुला वाटलं?

लाजिरवाणी गोष्ट ही की आपल्याकडे 'बघू' म्हणजे 'नाही' हे मला जन्मापासून माहीत होतं. अरबीत आल्यावर मी ते विसरले.

शनिवारची बैठक सुरू कशी झाली?

ठरवून नाही. फेब्रुवारी 2022 मध्ये युक्रेनमध्ये युद्ध पेटलं, तेव्हा तिथं वैद्यकीय शिकणारी आपल्याकडची पुष्कळ मुलं अडकली होती. आमच्या गल्लीतली एक कॉलेजची मुलगी संध्याकाळी आली, तिचा मावसभाऊ खारकीवला तळघरात होता. तिनं दूतावासाला पाठवायला निरोप लिहिला होता, मोबाइलवर चार वेळा सरकवावा लागेल एवढा. काळजी सगळी होती, पत्ता नव्हता. आम्ही पाच ओळी केल्या: नाव, पासपोर्ट क्रमांक, इमारतीचा पत्ता, बरोबर किती जण, कोणता फोन किती वाजता चालू असेल. आपल्या लोकांना परत आणायची सरकारची मोहीम, ऑपरेशन गंगा, सुरू झाली होती, तो पुढे पोलंडमार्गे घरी आला. माझ्या पाच ओळींमुळे आला असा माझा दावा नाही. पण ती मुलगी पुढच्या शनिवारी परत आली, म्हणाली, मला असं लिहायला शिकवा. बरोबर दोन मैत्रिणी होत्या.

मग तिथं करता काय? क्लास आहे का?

क्लास नाही. नोट्स नाहीत, टेस्ट सिरीज नाही. प्रत्येकानं अर्धं पान लिहून आणायचं, हातानं. काय झालं, त्याचा अर्थ काय, काय करावं. ते मोठ्यानं वाचायचं. बाकीच्यांनी आधी फक्त प्रश्न विचारायचे. मत द्यायचं असेल तर तीन प्रश्न विचारून झाल्यावर. पहिल्या महिन्यात हे कोणालाच जमत नाही, घशाशी आलेलं मत गिळताना मुलांचे चेहरे बघण्यासारखे असतात.

कधी एकच गोष्ट दोनदा लिहायला सांगते: संत्र्याचं शुल्क, एकदा दिल्लीतल्या सहसचिवासाठी, एकदा काटोलच्या शेतकऱ्यासाठी. सहसचिवाचं सगळ्यांना लिहिता येतं. शेतकऱ्याचं वाचताना घाम फुटतो. कधी दोघांना समोरासमोर बसवून वाटाघाटी करायला लावते, आणि अर्ध्यात बाजू बदलते. एकदा मेसच्या मालकाशी दर वाढवण्यावरून खरंच भांडण चाललं होतं, तर मुलांनी तेच घेतलं. मालकाची बाजू करणारा इतका चांगला बोलला की हॉस्टेलच्या मुलांनी त्याच्याशी आठवडाभर अबोला धरला.

फी किती?

नाही. येताना काही आणायचंच असेल तर चिवडा.

तुमच्याकडची किती मुलं आयएफएस झाली?

एकही नाही. एक मुख्य परीक्षेपर्यंत पोचली, पुढे झालं नाही. हे मी पहिल्याच दिवशी सांगते आणि दोन-तीन जण दुसऱ्या शनिवारी येत नाहीत. ते बरोबरच आहेत, त्यांना क्लास हवा आहे.

मग नाही झालं तर पुढे काय?

परराष्ट्र मंत्रालयात शिरायची यूपीएससी ही एकच वाट नाही. एसएससीच्या (कर्मचारी निवड आयोगाच्या) सीजीएल या पदवीधरांसाठीच्या परीक्षेतून मंत्रालयात सहायक कक्ष अधिकारी होता येतं आणि तेही परदेशी वकिलातींत जातात. माझ्या कितीतरी अडचणी याच लोकांनी सोडवल्या. नुसतं आतून बघायचं असेल तर मंत्रालय पदवीधरांना इंटर्न म्हणून घेतं. अटी बदलत असतात, मंत्रालयाच्या संकेतस्थळावरची ताजी सूचना वाचा, कोणाचा फॉरवर्ड नको. आमची ती पहिली मुलगी आता एका रुग्णालयात बाहेरगावच्या रुग्णांच्या नातेवाइकांशी बोलायचं काम करते. मागच्या महिन्यात तिनं तिथला एक अर्ज चार पानांवरून एका पानावर आणला. मला फोटो पाठवला होता.

सध्याच्या सरकारचं परराष्ट्र धोरण तुम्हाला कसं वाटतं?

चिवडा घ्या.

मला यायचं आहे. काय आणू?

शनिवारी साडेपाचला, धरमपेठेत. नेमका पत्ता ज्यानं हे पान पाठवलं त्यालाच विचारा. पहिल्या वेळी परराष्ट्र धोरणावर काही लिहून आणू नका. तुमच्या घरात नुकतंच झालेलं एक भांडण घ्या आणि ते अर्ध्या पानात असं लिहा, की दोन्ही बाजूंच्या माणसांनी वाचलं तर दोघंही म्हणतील, हो, मी हेच म्हणालो होतो. एका ओळीआड लिहा. मधली जागा पेन्सिलीला लागते.